कारखाना आधी कागदावर उभा राहतो

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात दुपारच्या सत्रात केलेलं भाषण. स्मरणिकेसाठी थोडं आटोपशीर केलं आहे.)



संयोजकांनी मला विषय दिला, 'तुझ्या कामाबद्दल बोल', आणि अट घातली, 'जेवणानंतरचं सत्र आहे, लोकांना झोपवू नकोस.' दोन्ही एकदम जमणं अवघड आहे, तरी प्रयत्न करतो.

गावाकडं आलो की कुणीतरी हमखास विचारतं, "तू केमिकल इंजिनिअर ना? मग टोमॅटोवर करपा पडलाय, काय मारू?" मला ते सांगता येत नाही. त्यासाठी आपल्याच वर्गातले कृषी सेवा केंद्रवाले मित्र इथं पहिल्या रांगेत बसले आहेत. माझं काम वेगळं. रसायनशास्त्रज्ञ प्रयोगशाळेत चंबूमध्ये मूठभर पदार्थ बनवतो. तोच पदार्थ रोज दहा टन, वर्षाचे तीनशे दिवस, परवडेल अशा खर्चात आणि कुणालाही इजा न होता बनवायचा असेल तर कारखाना कसा असावा, हे आम्ही ठरवतो. याला प्रोसेस डिझाइन म्हणतात. मराठीत प्रक्रियेची आखणी म्हणू.

कुणी म्हणेल, त्यात काय, चंबू मोठा करायचा. आठवीत बाईंनी शिकवलेलं घनफळ आणि पृष्ठफळ आठवा. भांडं लांबी-रुंदी-उंचीला दहापट केलं तर आत माल हजारपट बसतो, पण भांड्याचा पृष्ठभाग शंभरपटच वाढतो. अभिक्रियेत उष्णता तयार होत असेल तर ती हजारपट होणार, आणि बाहेर पडायला वाट फक्त शंभरपट. चंबूत कोमट होणारं मिश्रण मोठ्या पात्रात उसळून येऊ शकतं. घरी चार माणसांचा शिरा सुरेख करणाऱ्या माणसाला चारशे पानांचा शिरा जमेलच असं नाही. त्याला आचारीच लागतो. आम्ही रसायनांचे आचारी.

हा आचारी पहिले काही महिने कागदावरच काम करतो. एका मोठ्या कागदावर चौकोन आणि बाण काढतो. चौकोन म्हणजे यंत्रं, बाण म्हणजे नळातून जाणारा माल. याला फ्लोशीट म्हणतात. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स विद्यापीठातले प्राध्यापक जेम्स डग्लस यांनी १९८८ मध्ये या कामावर एक पुस्तक लिहिलं. त्यात त्यांनी आखणी करणाऱ्यानं स्वतःला विचारायचे प्रश्न क्रमानं लावून दिले. माल घाण्याघाण्यानं बनवायचा की अखंड? आत काय येणार, बाहेर काय जाणार? न वापरला गेलेला माल परत कसा फिरवायचा? तयार माल बाकीच्यांपासून वेगळा कसा करायचा? आणि शेवटी, उष्णता कशी वाचवायची?

मी आज हा क्रम उलटा घेणार आहे. शेवटचा प्रश्न आपल्या ओळखीचा आहे, म्हणून तिथून सुरुवात करतो आणि मागे मागे जातो. जितकं मागे जाऊ तितका निर्णय मोठा होत जातो, हे तुमच्या लक्षात येईल.

उष्णता म्हटलं की मला गुऱ्हाळ आठवतं. आपल्यापैकी निम्म्यांनी शाळा सुटल्यावर गुऱ्हाळावर जाऊन गरम काकवी खाल्ली आहे. काहिलीत रस, खाली चुलवाण, चुलवाणात चिपाड. रसातलं पाणी वाफ होऊन छपरातून आकाशात जायचं. ती वाफ म्हणजे फुकट गेलेला जाळ. साधं पाणी ३० अंशांपासून उकळीपर्यंत न्यायला जेवढी उष्णता लागते, त्याच्या सातपटीहून अधिक उष्णता तेच पाणी उकळून आटवायला लागते. ही सगळी उष्णता त्या वाफेबरोबर निघून जाते.

अमेरिकेत लुइझियाना राज्यात एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात साखर अशीच बनायची. उघड्या कढयांची रांग, आणि उकळता रस पळ्यांनी एका कढईतून दुसऱ्या कढईत टाकणारे गुलाम मजूर. कितीतरी जण भाजायचे. तिथं न्यू ऑर्लिन्समध्ये १८०६ साली जन्मलेला नॉर्बर्ट रिल्यू नावाचा एक इंजिनिअर होता. आई कृष्णवर्णीय, वडील गोरे. शिक्षण पॅरिसमध्ये झालेलं. त्यानं विचार केला, पहिल्या भांड्यातून निघालेल्या वाफेवरच दुसरं भांडं का उकळू नये? अडचण अशी की १०० अंशांच्या वाफेनं १०० अंशांवर उकळणारा रस तापणार नाही. म्हणून त्यानं दुसऱ्या भांड्यातली हवा काढून दाब कमी केला. महाबळेश्वरला पाणी आपल्यापेक्षा थोडं लवकर उकळतं, तसं कमी दाबाला रसही कमी तापमानाला उकळतो. मग दुसऱ्याच्या वाफेवर तिसरं भांडं, तिसऱ्याच्या वाफेवर चौथं. १८४३ आणि १८४६ साली त्याला याची पेटंटं मिळाली. रस बंद भांड्यांतून नळानं पुढं जाऊ लागला, तिथं पळीचं काम उरलं नाही.

१९५० च्या सुमारास विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकारानं प्रवरानगरला महाराष्ट्रातला पहिला सहकारी साखर कारखाना सुरू झाला. पुढं गावोगाव कारखाने झाले. यातल्या कुठल्याही कारखान्याच्या बॉयलिंग हाऊसमध्ये जा, 'पहिली बॉडी, दुसरी बॉडी' म्हणून जी उंच पात्रांची रांग दाखवतात ती रिल्यूचीच कल्पना. हिशेब सोपा आहे. १०० टन पातळ रसात १५ टन विरघळलेला ऐवज धरला, आणि त्याचा ६० टक्क्यांचा पाक करायचा, तर पाक होतो २५ टन. म्हणजे ७५ टन पाणी उडवायचं. एकाच भांड्यात उडवलं तर जवळपास तेवढीच वाफ बॉयलरमधून द्यावी लागते. चार भांड्यांच्या रांगेत ढोबळमानानं त्याच्या चौथा हिस्सा, वीस टनांच्या आत-बाहेर. जे चिपाड वाचतं त्यावर आज कारखाने वीज करून विकतात. चुलवाणही तेच, चिपाडही तेच. फरक आहे तो कुठली वाफ कुठं न्यायची, एवढ्या एका आखणीचा.

हाच विचार पुढं सगळ्या रसायन उद्योगात नेला तो बोडो लिनहॉफ यांनी, १९७० च्या दशकाच्या अखेरीस, इंग्लंडमध्ये. समजा कारखान्यात एक प्रवाह १६० अंशांवरून ५० पर्यंत गार करायचा आहे आणि तेवढाच दुसरा ३० वरून १४० पर्यंत तापवायचा आहे. अननुभवी माणूस पहिल्याला थंड पाणी लावतो आणि दुसऱ्याला वाफ. दोन्हींचं बिल भरतो. ते एकमेकांशेजारून उलट दिशांनी नेले तर पहिला दुसऱ्याला पूर्ण तापवतो, दोघांमध्ये सगळीकडं २० अंशांचं अंतर राहतं, आणि वाफही लागत नाही, पाणीही नाही. दोन प्रवाह असले तर हे कुणालाही दिसतं. तीस-चाळीस असले तर दिसत नाही. लिनहॉफ यांनी सगळे गरम आणि सगळे गार प्रवाह दोन आलेखांवर मांडायची रीत घालून दिली. दोन आलेख जिथं सर्वांत जवळ येतात त्या ठिकाणाला पिंच, म्हणजे चिमटा म्हणतात. त्या चिमट्यावरून खरेदी सुरू होण्याआधीच कळतं की या कारखान्याला कमीत कमी किती इंधन लागणार.

प्रत्यक्षात आम्ही त्या टोकापर्यंत जात नाही. सगळं एकमेकांत फार गुंतवलं तर एक यंत्र बंद पडल्यावर दहा बंद पडतात, आणि सकाळी कारखाना सुरू करायचा तर कुणी कुणाला आधी तापवायचं हाच प्रश्न होतो. घरात सगळेच एकमेकांवर अवलंबून असले की एका आजारपणात घर बसतं, तसं. थोडी सुटी बाजू ठेवावी लागते.

आता एक पाऊल मागे. तयार माल वेगळा करणं. दूध तापवून साय काढण्याइतकं हे सोपं नसतं. साधारणपणे उकळून, वाफ करून, थंड करून द्रव वेगळे करतात. त्यासाठी उंच मनोरे लागतात. पण काही जोड्या अशा असतात की एका ठरावीक प्रमाणाला आल्या की एकत्रच उकळतात, कितीही उकळा, सुटत नाहीत. मिथाइल अ‍ॅसिटेट नावाचा द्रव असाच. तो पाण्याशीही जोडी जमवतो आणि मिथेनॉलशीही. मिथेनॉल आणि अ‍ॅसिटिक आम्ल, म्हणजे व्हिनेगरमधलं आम्ल, यांपासून तो बनवायचा तर नेहमीच्या पद्धतीनं एक अभिक्रियापात्र आणि त्यामागं आठ-नऊ मनोरे लागत. कोडॅकची सोबती कंपनी ईस्टमन हिला तो टेनेसी राज्यातल्या किंग्जपोर्टला हवा होता. कारण त्यापासून पुढं जे रसायन होतं ते फोटोच्या फिल्मसाठी लागणाऱ्या सेल्युलोज अ‍ॅसिटेटमध्ये जातं.

तिथल्या इंजिनिअरांनी विचारलं, अभिक्रिया वेगळ्या भांड्यात आणि विलगीकरण वेगळ्या मनोऱ्यात, हे कुणी ठरवलं? त्यांनी अभिक्रिया मनोऱ्यातच घडवली. अ‍ॅसिटिक आम्ल वरून खाली, मिथेनॉल खालून वर. वाटेत दोघं भेटतात, मिथाइल अ‍ॅसिटेट तयार होतो आणि लगेच वर निघून जातो. वरून येणारं आम्ल त्या हट्टी जोड्याही मोडत जातं. १९८० च्या दशकात असा एकच मनोरा तिथं सुरू झाला. प्रसिद्ध झालेल्या माहितीप्रमाणं भांडवल आणि ऊर्जा दोन्ही जुन्या आखणीच्या सुमारे एक-पंचमांश. आपल्याकडं माटुंग्याच्या यूडीसीटीत, जिला आता आयसीटी म्हणतात, प्राध्यापक मनमोहन शर्मा आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी अभिक्रिया आणि विलगीकरण एकत्र आणण्यावर पुष्कळ काम केलं आहे, हे मुद्दाम सांगतो. कारण हे ज्ञान फक्त परदेशातलं आहे असं आपल्याला उगाच वाटतं.

विलगीकरणाचा माझा स्वतःचा अनुभव एवढा मोठा नाही, पण सांगतो. मी औषधाचा कच्चा माल बनवणाऱ्या एका कारखान्यात होतो. नाव सांगत नाही. प्रयोगशाळेकडून जी कृती आली तिच्यात पहिल्या पायरीला टोल्युइन, दुसरीला मिथेनॉल, तिसरीला इथाइल अ‍ॅसिटेट, असे तीन द्रावक होते. प्रयोगशाळेत दोनशे मिलिलिटर मिश्र द्रावक उरला तर बाटलीत भरून ठेवतात. आमच्याकडं रोज पिंपं भरू लागली. टोल्युइन आणि मिथेनॉल ही पुन्हा एकत्र उकळणारी हट्टी जोडी. कारखान्याच्या मागच्या आवारात पिंपांच्या रांगा लागल्या. एप्रिल-मे महिन्यात त्या रांगांकडं बघून जीव खाली-वर व्हायचा. वरून हुकूम आला, शेड वाढवा. तेव्हा रात्रपाळीचा एक ऑपरेटर, दहावी पास, त्यानं विचारलं, "साहेब, तीन-तीन वापरायचे कशाला? एकानं नाही का भागणार?"

तो प्रश्न घेऊन आम्ही रसायनशास्त्रज्ञांसमोर बसलो. दोन महिने प्रयोग झाले. टोल्युइनवर दोन पायऱ्या निभावल्या. तिसरी काही केल्या जमली नाही, कारण टोल्युइनमधून येणारे स्फटिक इतके बारीक की गाळणच तुंबायची. म्हणून तिथं इथाइल अ‍ॅसिटेट राहिलं. पण मिथेनॉल गेल्यामुळं हट्टी जोडी सुटली, दोन्ही द्रावक स्वच्छ परत मिळू लागले आणि मागचं आवार हळूहळू मोकळं झालं. नवीन शेड बांधावीच लागली नाही.

आणखी एक पाऊल मागे जाऊ. परत फिरवण्याचा प्रश्न. बहुतेक अभिक्रिया एका फेरीत पूर्ण होत नाहीत. थळला किंवा तुर्भ्याला आरसीएफच्या खत कारखान्यात युरियासाठी अमोनिया बनतो. नायट्रोजन आणि हायड्रोजन उत्प्रेरकावरून एकदा गेले की त्यांतला थोडाच भाग अमोनिया होतो. तो थंड करून काढून घेतात आणि उरलेला वायू परत फिरवतात. पण हवेतून आलेला आरगॉन कशातच भाग घेत नाही. तो फिरत राहतो आणि साचत जातो. आपल्या घरच्या माळ्यासारखं. येणारी वस्तू वर जाते, खाली काही येत नाही, आणि एक दिवस माळा भरतो. म्हणून फिरत्या प्रवाहातून थोडा वायू सतत बाहेर काढावा लागतो. फ्लोशीटवर ही एक बारीकशी रेघ असते, पण ती विसरली तर कारखाना चालत नाही.

फिरत्या मालाची दुसरी बाजू भयंकर आहे. इंग्लंडमधल्या फ्लिक्सबरोला नायलॉनचा कच्चा माल बनत असे. सायक्लोहेक्झेन हा पेट्रोलसारखा पेटणारा द्रव, त्यात हवा सोडून अभिक्रिया करायची. एका फेरीत जेमतेम सहा टक्के माल बदलायचा, बाकी चौऱ्याण्णव टक्के परत फिरायचा. थोड्या उत्पादनासाठी प्रचंड माल, तोही दाबाखाली आणि उकळबिंदूच्या वर तापलेला, सतत आत असायचा. एक पात्र नादुरुस्त झालं म्हणून त्याला वळसा घालणारी तात्पुरती नळी बसवली. १ जून १९७४ रोजी ती फुटली. स्फोटात २८ माणसं गेली. शनिवार होता म्हणून कार्यालयं रिकामी होती, नाहीतर आकडा किती झाला असता कोण जाणे.

सगळ्यांनी त्या नळीची चर्चा केली, आणि ती करायलाच हवी होती. पण आयसीआय कंपनीत सुरक्षेचं काम पाहणारे ट्रेव्हर क्लेट्झ यांनी त्याच्याही मागचा प्रश्न विचारला. एवढा माल आत होताच कशाला? त्यांचं म्हणणं असं की धोकादायक माल बंदिस्त ठेवायला भिंती, झडपा, भोंगे आपण वाढवत जातो. त्याऐवजी आधी तो माल कमी करता येईल का ते बघा. जो माल साठवलाच नाही तो गळणार नाही. आज आमच्या व्यवसायात याला उपजत सुरक्षितता म्हणतात. यंत्रावर बाहेरून लावलेलं संरक्षण बिघडू शकतं, कुणी ते बंद करू शकतं. आखणीतच असलेली सुरक्षितता कुणाला बंद करता येत नाही.

आता अगदी पहिला प्रश्न. कुठल्या वाटेनं जायचं? कुठल्या कच्च्या मालापासून, किती पायऱ्यांत?

अंगदुखीवर आपण आयब्युप्रोफेन घेतो. आपल्या वयाला त्याची ओळख करून द्यायला नको. बूट्स या ब्रिटिश कंपनीनं १९६० च्या दशकात हे औषध शोधलं. त्यांची मूळ कृती सहा पायऱ्यांची. आत घातलेल्या अणूंपैकी वजनानं सुमारे ४० टक्केच गोळीत जात. म्हणजे एक किलो औषधामागं कागदावरच दीड किलो टाकाऊ माल, प्रत्यक्षात त्याहून जास्त. पेटंटची मुदत संपल्यावर नवी वाट शोधली गेली आणि १९९२ साली टेक्ससमधल्या बिशप इथं तीन पायऱ्यांचा कारखाना सुरू झाला. सुरुवात त्याच आयसोब्युटाइल बेंझिनपासून, शेवट त्याच औषधात. पण आता ७७ टक्के अणू कामी येतात, आणि जे उरतं ते मुख्यतः अ‍ॅसिटिक आम्ल, तेही परत मिळवता येतं. जुन्या पद्धतीत अ‍ॅल्युमिनियम क्लोराइडचा ढीगभर चिखल निघायचा, तो बंद झाला. या कामाला १९९७ साली अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांच्या नावानं दिला जाणारा हरित रसायनाचा पुरस्कार मिळाला. जाता जाता सांगतो, आयसोब्युटाइल बेंझिनच्या जगातल्या मोठ्या उत्पादनकेंद्रांपैकी एक आपल्या रायगड जिल्ह्यात, महाडला आहे.

नवी वाट निर्दोष आहे असं मात्र समजू नका. तिच्यात हायड्रोजन फ्लोराइड वापरतात, आणि ते अतिशय घातक आहे. ते परत परत वापरलं जातं, टाकलं जात नाही, हे खरं. पण सांभाळावं लागतंच. आखणी करणाऱ्याला बिनधोक वाट क्वचितच मिळते. कुठला धोका पत्करायचा आणि तो कुणाच्या अंगावर येईल, हे डोळे उघडे ठेवून ठरवावं लागतं.

भोपाळबद्दल बोलल्याशिवाय हे भाषण पुरं होणार नाही. २ आणि ३ डिसेंबर १९८४ ची ती रात्र झाली तेव्हा मी इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होतो. वर्तमानपत्रातले फोटो बघून आमच्या वर्गातल्या दोघांनी शाखा बदलायचा विचार केला होता. युनियन कार्बाइडचा तो कारखाना कार्बारिल हे कीटकनाशक बनवायचा. त्यासाठी मिथाइल आयसोसायनेट, म्हणजे मिक, हा विषारी द्रव तयार करून टाक्यांत साठवला जाई. एका टाकीत पाणी शिरलं, मिश्रण तापत गेलं आणि सुमारे ४० टन विषारी वायू झोपलेल्या शहरावर पसरला. हजारो माणसं गेली. टाक्या थंड ठेवणारी यंत्रणा काही महिने बंद होती. निघालेला वायू जाळून टाकणारी चिमणी दुरुस्तीसाठी सोडवून ठेवली होती. ही हलगर्जी अक्षम्यच आहे.

पण माझ्या व्यवसायाच्या दृष्टीनं आणखी एक गोष्ट सांगायला हवी. कार्बारिल तीन पदार्थांपासून बनतं, मिथाइल अमाइन, फॉस्जीन आणि नॅफ्थॉल. आधी मिथाइल अमाइन आणि फॉस्जीन एकत्र केले तर मिक तयार होतं, मग त्यात नॅफ्थॉल. पण आधी नॅफ्थॉल आणि फॉस्जीन एकत्र केले आणि नंतर मिथाइल अमाइन घातलं, तर कार्बारिलच मिळतं आणि मिक वाटेत कुठं येतच नाही. पदार्थ तेच, क्रम वेगळा. ही वाट तेव्हाही ठाऊक होती. तिच्यातही फॉस्जीन आहे, ते विषारी आहे, तीही वाट फुलांची नव्हे. तरी तिच्यात ती टाकी नाही. आणि मिकच्याच वाटेनं जायचं ठरवलं, तरी ते साठवण्याची सक्ती नव्हती. दुर्घटनेनंतर अमेरिकेत ड्यूपॉन्ट कंपनीनं आपल्या एका कारखान्यात मिक तयार होताच लगेच पुढच्या अभिक्रियेत वापरून टाकायची व्यवस्था केली. वाटेत असेल तेवढंच.

ती टाकी एके काळी कुणाच्या तरी कागदावर एक चौकोन होती. कागदावरचा चौकोन खोडायला रबर पुरतं. उभी राहिलेली टाकी काढायला पैसा, परवानग्या, बंद राहिलेलं उत्पादन, आणि कुणाची तरी चूक झाली हे मान्य करण्याची तयारी लागते. म्हणून ती बहुधा काढली जात नाही. तिच्याभोवती आणखी झडपा बसवल्या जातात.

हे सगळं मी तुम्हाला का सांगतोय? तुम्ही काही कारखाने आखणार नाही. पण या सभागृहात माजी सरपंच आहेत, पत्रकार आहेत, बँकेत कर्जाची प्रकरणं मंजूर करणारे आहेत, साखर कारखान्याचे संचालक आहेत. आपल्या मुलांपैकी कितीतरी एमआयडीसीत कामाला आहेत. भोपाळनंतर आपल्याकडं १९८६ चा पर्यावरण संरक्षण कायदा आला आणि १९८९ साली घातक रसायनांच्या साठवणुकीचे नियम आले. मोठ्या अपघाताची झळ ज्यांना लागू शकते त्यांना माहिती देणं त्या नियमांनी बंधनकारक केलं आहे. २००६ च्या अधिसूचनेप्रमाणं अनेक मोठ्या प्रकल्पांची जनसुनावणी होते. अशा सुनावणीत मी लोकांना नोकऱ्यांबद्दल विचारताना ऐकलं आहे, रस्त्यांबद्दल ऐकलं आहे. दोन्ही रास्त. त्यात तीन प्रश्नांची भर घाला.

पहिला: तुमच्याकडं सर्वांत घातक पदार्थ कुठला, आणि एका वेळी जास्तीत जास्त किती असेल? दुसरा: एक टन माल करायला किती टन कच्चा माल लागतो, आणि उरलेला कुठं जातो? तिसरा: हाच माल बनवायची दुसरी वाट तपासली होती का, आणि ती का नाकारली? तिसऱ्याचं उत्तर ज्यांनी खरोखर विचार केला आहे ते दोन मिनिटांत देतात, आणि 'महाग पडते' असंही प्रामाणिकपणे सांगतात. ज्यांनी केला नाही ते तुम्हाला हिरवळीचे फोटो दाखवतात. हे प्रश्न विचारायला इंजिनिअर असावं लागत नाही, आमच्या रात्रपाळीच्या ऑपरेटरनं ते दाखवून दिलं आहे. फक्त ते वेळेवर, कागद कागदच असताना विचारले पाहिजेत.

जाता जाता शास्त्राच्या सरांसाठी. सर, तुम्ही आमच्याकडून प्रयोगवहीत साहित्य, कृती, निरीक्षण, अनुमान असे चार मथळे लिहून घेत होता, आणि मथळा चुकला तर पान फाडायला लावत होता. त्या शिस्तीवर माझी पस्तीस वर्षांची नोकरी झाली. आता शाळेच्या नव्या प्रयोगशाळेसाठी आपण सगळे वर्गणी काढतोच आहोत, तर एक विनंती आहे. मुलांच्या वहीत पाचवा मथळा घालता येईल का? 'दुसरी कृती'. हाच ऑक्सिजन, हेच मीठ, आणखी कसं करता आलं असतं, आणि त्यात काय कमी लागलं असतं? उत्तर चुकलं तरी चालेल. पान मात्र फाडायला लावू नका.